माशीची नेमकी नस!

थांबा, हाकलू नका! चहाच्या कपाच्या काठावर बसलीय ना, त्या माशीचा आधी एक फोटो काढा. काढलात? आता झूम करा. डोळे राहू द्या, पाय राहू द्या, थेट पंखावर या. पंखाच्या टोकाच्या जरा अलीकडे एक शीर सरळ चालता चालता एकदम कोपरा घेऊन वर वळलेली दिसतेय? आणि पाठीवर चार काळसर पट्टे आहेत? मग ती आपली घरमाशी, मस्का डोमेस्टिका. तीच शीर कुठेही न वळता नाकासमोर चालत कडेपर्यंत गेली असेल, तर ती घरमाशी नव्हेच! ती फॅनिया, घरमाशीची लहानखुरी शेजारीण.

माहीत आहे का? खोलीच्या मधोमध, दिव्याच्या खाली, कशावरही न टेकता हवेतल्या हवेत कोन करत फेऱ्या मारणाऱ्या बारीक माश्या असतात ना, त्या बहुतेक करून फॅनियाचे नर. प्रत्येक जण आपापला इलाका राखत फिरत असतो.

आता तिसरी. दिसायला डिट्टो घरमाशी, पण शिरेचं वळण कोपऱ्याचं नाही, सौम्य. आणि तोंडाशी पुढे आलेली टोकदार सोंड. ही गोठ्यातली रक्तपिपासू स्टोमॉक्सिस. ‘मला घरमाशी चावली’ असं कुणी सांगितलं, तर संशयित नंबर एक हीच! घरमाशीला चावताच येत नाही, तिचं तोंड फक्त द्रव पदार्थ टिपून घ्यायला बनलेलं आहे.

एका शिरेचं वळण, आणि तीन माश्यांचा निकाल तिथल्या तिथे. नेमकी नस पकडणं म्हणतात ते हेच.

हा खटाटोप का? कारण जगात आजवर नाव मिळालेल्या माश्या-डासांच्या जाती दीड लाखाहून जास्त आहेत. त्यातल्या हजारो काळ्या-करड्या, पाच-सात मिलिमीटरच्या आणि केसाळ. रंगावर जाल तर फसाल. पंखावर गेलात, तर निदान खानदान तरी हाती लागेल.

दोनच पंख, पण काय पंख!

मधमाशीला पंख चार. फुलपाखराला चार. चतुराला चार. माशीला फक्त दोन! मग मागची जोडी गेली कुठे?

गेली नाही, बदलली. फोटोत पंखाच्या बुडाशी नीट बघा, एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला इवलासा गोळा दिसेल. हे संतुलक. उडताना ते पंखांच्याच वेगानं, पण उलट्या दिशेनं हलतात आणि शरीर कुठे कलतंय, किती गिरकी घेतंय याची खबर माशीला क्षणोक्षणी देतात. थोडक्यात, बिल्ट-इन जायरोस्कोप! हे काढले की माशीचं उड्डाण कोलमडतं, ही गोष्ट इंग्लंडचे पाद्री विल्यम डेरहॅम यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवली होती.

संतुलक डोळ्यांनी बघायचेत? पावसाळ्यात दिव्यापाशी येणारी लांब, लुकड्या पायांची क्रेन-फ्लाय शोधा. तिचे संतुलक मोबाइलच्या साध्या फोटोतही लख्ख दिसतात.

पण दोन पंख दिसले की लगेच ‘माशी’ असा शिक्का मारू नका हं. क्लोइऑन नावाच्या मेफ्लायलाही दोनच पंख असतात. फरक? तिला संतुलक नाहीत, आणि मागे दोन लांब शेपट्या आहेत. स्ट्रेप्सिप्टेरा नावाच्या विचित्र कीटकांत तर सगळा मामलाच उलटा. त्यांच्या नरांचे पुढचे पंख संतुलक झालेत आणि मागचे उडायला उरलेत!

आणि ज्या माशीला पंखच नाहीत, तिचं काय? बर्फाळ प्रदेशातली कायोनिया बर्फावर चक्क पायी फिरते. पंख शून्य, संतुलक मात्र शाबूत. ओळख पटली! ही पठ्ठी इतकी कणखर, की पाय गोठायला लागला तर गोठण शरीरात शिरायच्या आत तो पाय स्वतःच तोडून टाकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे कळलं.

सहा लाइनींचा नकाशा

पंखावरच्या शिरा म्हणजे गोंधळ वाटतो? मुंबई लोकलचा नकाशा आठवा. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर एकदा कळल्या की उरलेले फाटे आपोआप कळतात. कीटकांच्या पंखावर अशा मुख्य लाइनी सहा. पुढच्या कडेवरून धावणारी कोस्टा, मग सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस आणि शेवटी अ‍ॅनल. हा नकाशा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन कॉमस्टॉक आणि जेम्स नीडहॅम या गुरुशिष्यांनी 1898 मध्ये मांडला. लाइन कुठे फुटते, कुठे वळते, दोन लाइनींना जोडणारी आडवी शीर कुठे आहे, यावर सगळी ओळख चालते. घरमाशीची ती कोपरा घेणारी शीर? मीडिया लाइन.

माहीत आहे का? माश्यांच्या वर्गीकरणात पंखांच्या शिरांवर भर देणारा पहिला मोठा माणूस पोटासाठी शिकवण्या करायचा. जर्मनीचे योहान मायगन. फ्रेंच शिकवायचे, चित्रकला शिकवायचे, पियानो शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात माश्या! केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाला, म्हणजे अख्ख्या जेनेटिक्सच्या लाडक्या ड्रोसोफिला मेलॅनोगास्टरला, 1830 मध्ये नाव दिलं ते यांनीच.

संगीताचं आणि माश्यांचं काहीतरी जुळतं खरं! ब्रिटिश काळात भारतातल्या माश्यांवरचे जाडजूड ग्रंथ 1912 ते 1923 या काळात लिहिले ते एन्रिको ब्रुनेटी यांनी. व्यवसाय? संगीतकार! ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले त्यांचे खंड भारतातल्या माश्या ओळखताना आजही उघडावे लागतात.

आता नकाशावरची सगळ्यात गमतीची लाइन. हिला ना सुरुवातीचं स्टेशन, ना शेवटचं. रेडियस आणि मीडियाच्या मधे ही आपली मोकळीच तरंगते. नाव ‘खोटी शीर’. ती शीर नाहीच मुळी, पंखाच्या पापुद्र्याची जाड झालेली घडी आहे. पण खोटी असूनही ओळख खरी पटवते! ही दिसली की माशी सिर्फिड कुळातली, म्हणजे फुलांवर हवेत स्थिर तरंगणाऱ्या माश्यांपैकी.

याचा फायदा काय? भरपूर! कारण या सिर्फिड माश्या मधमाशीची बेमालूम नक्कल करतात. पिवळे-काळे पट्टे, तोच गुंजारव, तीच फुलं. जगभर मधमाशीच्या कित्येक लेखांवर चुकून हिचाच फोटो छापला जातो. त्यातली एरिस्टॅलिस तर पक्की बहुरूपी. तिच्या पंखावर मात्र खोटी शीर असतेच, वर रेडियसच्या शेवटच्या फाट्याला खाली झोळ पडलेला असतो. तो झोळ दिसला की सोंग उघडं!

या एका माशीनं माणसाला हजारो वर्षं फसवलं असावं. मेलेल्या बैलाच्या देहातून मधमाश्या जन्म घेतात, अशी समजूत प्राचीन ग्रीस-रोममध्ये होती. रोमन कवी व्हर्जिलनंही ती लिहून ठेवलीय. 1894 मध्ये कार्ल ओस्टेन-साकेन या माशीतज्ज्ञांनी उलगडा सुचवला. बैलाच्या कुजलेल्या अवशेषांत वाढून बाहेर पडत होत्या त्या मधमाश्या नव्हत्याच, एरिस्टॅलिस होत्या. कुणीतरी तेव्हा पंख मोजले असते तर!

फाटा बघा, कूळ सांगा

गोमाशी ओळखायची सर्वांत झटपट खूण सांगतो. पंखाच्या टोकाशी एक शीर दुभंगते आणि तिचे दोन फाटे ऐसपैस उघडतात, एक टोकाच्या अलीकडे, एक पलीकडे. पंखाचं टोक बरोबर त्या दोन फाट्यांच्या मधे! म्हशीला हैराण करणारी असो की माणसाला, गोमाशी असेल तर हा फाटा असणारच.

हाच फाटा एका सेलिब्रिटीच्या पंखावरही आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका गोमाशीच्या पोटावर सोनेरी केस चमकतात, म्हणून ब्रायन लेसार्ड या संशोधकानं तिचं नाव ठेवलं स्कॅप्टिया बियॉन्सेई. हो, गायिका बियॉन्सेवरूनच! 2012 मध्ये ही बातमी जगभर गाजली. गंमत म्हणजे हा नमुना पकडला गेला होता 1981 मध्ये, म्हणजे बियॉन्सेच्या जन्मवर्षी.

आफ्रिकेतली त्सेत्से माशी, निद्रारोग पसरवणारी. तिच्या पंखाच्या मधोमध शिरांनी वेढलेला एक कप्पा हुबेहूब कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराचा असतो. जगात दुसऱ्या कुठल्या माशीकडे अशी कुऱ्हाड नाही! शिवाय बसताना ती दोन्ही पंख एकमेकांवर पूर्ण ठेवते, त्यामुळे वरून एकच पंख दिसतो. आणि हिच्या पंखावरून नुसती ओळख नाही, वयही कळतं. वापरून वापरून पंखाची मागची कड फाटत जाते. किती फाटलीय याचे सहा टप्पे 1946 मध्ये जॅक्सन या संशोधकानं ठरवले. जास्त फाटका पंख, जास्त वय!

बाथरूमच्या टाइल्सवर चिकटून बसलेली ती छोटी, केसाळ, करडी गोष्ट? पतंग नाही, माशीच आहे. क्लॉग्मिया. तिच्या पंखांवर लांब शिराच शिरा, एकमेकींना समांतर, आणि बुडाजवळचा भाग सोडला तर आडवी जोडशीर जवळपास नाहीच. पंखांच्या कडेनं पांढरे ठिपके असले तर क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. चावत नाही, मोरीच्या जाळीतल्या चिकट थरात वाढते. जाळी घासून काढा, माश्या आपोआप गायब.

शेणाच्या पोवर बसून दोन्ही पंख आळीपाळीनं वल्हवणाऱ्या बारीक काळ्या माश्या बघितल्यात? पंखाच्या टोकावर एकेक काळा ठिपका असेल तर त्या सेप्सिस. मॅक्रो फोटोग्राफीच्या सरावासाठी यांच्याहून चांगलं मॉडेल नाही. जागा सोडत नाहीत, आणि पंख स्वतःहून दाखवतात!

आणि क्रेन-फ्लायचा विषय निघालाच आहे तर एका माणसाला सलाम केलाच पाहिजे. अमेरिकेतले चार्ल्स अलेक्झांडर. या एका माणसानं क्रेन-फ्लायच्या 11,000 हून जास्त नव्या जातींचं वर्णन केलं. आयुष्यभर! पत्नी मेबेल कायम सोबत, नमुने गोळा करण्यापासून नोंदी ठेवण्यापर्यंत. त्यांच्या लेखांत पंखांच्या शिरांची चित्रं पानोपानी भेटतात.

रेकॉर्ड, रेकॉर्ड, रेकॉर्ड!

सर्वांत मोठी माशी? दक्षिण अमेरिकेतली गॉरोमिडास हेरोस. लांबी सात सेंटिमीटरपर्यंत.

सर्वांत छोटी? 2012 मध्ये थायलंडमधून युरिप्लाटिया नानकनिहाली आली, 0.4 मिलिमीटर. मग 2018 मध्ये ब्राझीलची एक आली, 0.395 मिलिमीटर! पुढचे पाय दंडाळलेले, म्हणून नाव ठेवलं मेगाप्रोपोडिफोरा अर्नोल्डाय, अर्नोल्ड श्वार्झनेगरवरून. पाय अर्नोल्डचे, पंख मात्र नावापुरते खुंट. दोघींचंही वर्णन केलं ब्रायन ब्राउन यांनी, आणि दोघीही फोरिड कुळातल्या. फोरिडचा पंख एकदा बघितला की विसरणं कठीण. पुढच्या कडेला दोन-तीन जाडजूड शिरा, आणि बाकीच्या सगळ्या फिकट, तिरक्या, एकट्या.

सर्वांत जुन्यांपैकी एक? फ्रान्समध्ये सापडलेली ग्रॉव्होगेलिया, सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीची. डायनासोरांचं राज्य अजून सुरू व्हायचं होतं! खडकातल्या जीवाश्मांत नाजूक शरीर चिरडून जातं, रंग उडून जातो. पंखाचा ठसा मात्र टिकतो. त्यामुळे फॉसिल माश्यांच्या ओळखीत बऱ्याचदा सगळी भिस्त पंखावरच.

पंख सर्वांत वेगानं हलवणारी? फोर्सिपोमिया नावाचं इवलंसं घुंगुरटं. मिनिटाला 62,760 वेळा! म्हणजे सेकंदाला 1,046. तुमच्या कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला, तरी तेवढ्यात याचा एक फेरा पुरा झालेला असतो. आणि बरं का, याच फोर्सिपोमियाचे भाऊबंद कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात. पुढचं चॉकलेट खाताना दोन पंखांना थँक्यू म्हणा!

ठिपकेदार पंख आणि नोबेल

साल 1897. जागा सिकंदराबाद. अल्मोड्यात जन्मलेला एक ब्रिटिश लष्करी डॉक्टर महिनोन्महिने डास कापत बसलाय. करडे डास कापून झाले, पट्टेदार पायांचे कापून झाले. मलेरियाचा पत्ता नाही. मग त्याच्या हाती लागले वेगळेच डास. त्यांचं शास्त्रीय नाव त्याला माहीत नव्हतं, म्हणून वहीत त्यानं खूण लिहिली ती पंखाची: ठिपकेदार पंखांचे डास!

20 ऑगस्टला त्याच ठिपकेदार डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. डॉक्टर होते रोनाल्ड रॉस. 1902 मध्ये नोबेल. 20 ऑगस्ट आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

तो डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस. त्याच्या पंखावरच्या शिरांवर खवले असतात, काही गडद, काही फिकट, आणि त्यांचे ठिपके बनतात. क्युलेक्स आणि डेंगीवाल्या एडिसचे पंख बहुधा असे नक्षीदार नसतात. एडिस पकडायचा तर पायांचे पांढरे पट्टे बघा. अ‍ॅनोफिलिस पकडायचा तर पंख! पंखाच्या पुढच्या कडेवर ठिपके कुठे आणि किती, यावरून अ‍ॅनोफिलिसच्या जातीही वेगळ्या करतात. मुंबईच्या गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत पोचला आणि तिथून पसरत चालला आहे. त्याला वेळीच ओळखणं किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

अजून एक खूण, थेट महाराष्ट्राच्या कामाची. भिंतीवर बसलेला, डासाहून खूप छोटा, केसाळ कीटक. पंख टोकदार, आणि बसल्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे. ही वाळूमाशी! 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात जो विषाणू सापडला आणि गावाचंच नाव ज्याला मिळालं, तो चांदीपुरा विषाणू ही पसरवते. पुण्याच्या ज्या संस्थेनं तो शोधून काढला, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. वाळूमाशीचा फोटो मिळाला तर शेअर करून थांबू नका, आरोग्य केंद्राला दाखवा.

हापूसवर माशी शिंकली!

2014 चा आंब्याचा सीझन आठवतोय? 1 मेपासून युरोपियन युनियननं भारतीय आंब्याला दार बंद केलं. हापूससकट! जोडीला वांगी, अळू, कारली आणि पडवळही. कारण? 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली होती, आणि त्यातली मुख्य गुन्हेगार होती फळमाशी. इथे माशी खरोखरच शिंकली! कोकणातल्या बागायतदारानं वर्षभर राबायचं आणि काही मिलिमीटरच्या माशीनं बाजार बंद करायचा, हे फार जिव्हारी लागणारं होतं. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली.

आता या फळमाश्यांचे पंख बघा, कारण यांच्यावर शिरांसोबत रंगाचे पट्टेही आहेत. आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस: पंखाच्या पुढच्या कडेनं एक बारीक काळसर पट्टी, बुडाशी एक तिरकी रेघ, बाकी पंख स्वच्छ पारदर्शक. पेरूवर, आंब्यावर येणारी बॅक्ट्रोसेरा झोनाटा: पट्टी तुटलेली, टोकावर फक्त एक ठिपका. कारली-काकडी-दुधीवरची झ्युगोडॅकस: पट्टी टोकाशी रुंद होऊन डागच बनलेली, आणि आडव्या शिरेवरही काळसर छटा. तीन माश्या, तीन वेगळे पंख!

हे कळून शेतकऱ्याचा फायदा काय? सरळ पैशांचा. डॉर्सालिसचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासावर धावतात, वेलभाज्यांवरच्या माशीचे नर क्यूल्यूरवर. चुकीची माशी ओळखली की चुकीचा गंध लावला, आणि सापळा रिकामा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच नरांच्या ओढीवर चालतो.

पंखावरही सगळं सोपं असतं असं नाही. आफ्रिकेतली ‘इन्व्हेडन्स’ आणि आग्नेय आशियातली ‘पपाये’ या डॉर्सालिसहून वेगळ्या जाती मानल्या जायच्या. पंख, जनुकं, गंध, संकर सगळं तपासून 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं: एकच आहेत!

तिकडे युरोप-अमेरिकेत स्ट्रॉबेरी-चेरीवाल्यांची झोप उडवलीय एका चिलटानं. ड्रोसोफिला सुझुकी. 2008 मध्ये कॅलिफोर्निया, स्पेन आणि इटलीत हजेरी. नराच्या प्रत्येक पंखावर टोकाजवळ एकेक काळा ठिपका, म्हणजे फोटोत चांगली खूण. मादीला ठिपका नाही, तिच्यासाठी अंडी घालायच्या करवतीदार अवयवाचा क्लोज-अप लागतो.

पंखावर कोळी!

माहीत आहे का? काही माश्या पंख फक्त उडायला नाही, घाबरवायलाही वापरतात.

उत्तर अमेरिकेतली झोनोसेमाटा. पंखांवर काळ्या पट्ट्या. पंख फाकवून हलवले की त्या पट्ट्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या पायांसारख्या दिसतात. समोरचा कोळी समजतो, दुसरा कोळी आपल्याला धमकावतोय, आणि चक्क माघार घेतो! खरं कशावरून? 1987 मध्ये संशोधकांनी भन्नाट प्रयोग केला. झोनोसेमाटाचे पंख कापून गोंदानं तिला घरमाशीचे पंख चिकटवले, आणि घरमाशीला तिचे. साध्या पंखांची झोनोसेमाटा कोळ्यांना घाबरवू शकली नाही. नक्षीदार पंख लावलेल्या घरमाशीचीही डाळ शिजली नाही, कारण पंख हलवायची ती लकब तिच्याकडे नव्हती. नक्षी हवी आणि नाचही हवा!

अरबस्तानातली गोनियुरेलिया ट्रायडेन्स तर इंटरनेटची स्टारच. पारदर्शक पंखावर डोकं, कंबर, पोट, पाय असलेली मुंगीची आकृती, दोन पंखांवर दोन मुंग्या. हे नेमकं कशासाठी यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. पण फोटोवरून ही माशी चुकणं अशक्य!

आणि ज्यांचे पंख साधे काचेसारखे वाटतात, त्यांचं काय? तिथेच खरा धमाका आहे. पार्श्वभूमी काळी करा आणि तोच पंख बघा. निळा, जांभळा, हिरवा, सोनेरी! साबणाच्या फुग्यावर ज्या कारणानं रंग येतात, त्याच कारणानं. पंखाचा पापुद्रा इतका पातळ, की वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतो. पापुद्र्याची जाडी जातीनुसार ठरलेली, म्हणून रंगांची मांडणीही ठरलेली. वर्षानुवर्षं पांढऱ्या कागदावर ठेवून बघितलेल्या पंखांत हे रंग दिसायचेच नाहीत. 2011 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ही मांडणी ओळखीसाठी कामाची आहे असं दाखवलं. 2014 मध्ये तर कळलं, की ड्रोसोफिलाच्या माद्या रंगतदार पंखांच्या नरांना पसंती देतात. बाईसाहेबांना आधीच माहीत होतं!

फोटोतून उगवलेल्या जाती

2012 मध्ये जाहीर झालेल्या एका जातीची गोष्ट. कॅलिफोर्नियातले कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन इंटरनेटवर फोटो बघत होते. मलेशियात काढलेला एका जाळपंखी कीटकाचा फोटो. पंखावर काळ्या नक्षीचं असं जाळं, जे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. फोटोग्राफरशी संपर्क, पुन्हा त्याच जागी शोध, नमुना सापडला, नवी जात जाहीर. नाव सेमाक्रिसा जेड, विंटरटन यांच्या मुलीच्या नावावरून. ही माशी नव्हे, चार पंखांची. पण गोष्ट पंखाचीच, म्हणून सांगितल्यावाचून राहवेना.

त्याच्या पुढची पायरी 2015 मध्ये. दक्षिण आफ्रिकेतली एक माशी, सुतारभुंग्याची हुबेहूब नक्कल करणारी. स्टीफन मार्शल आणि नील इव्हनहाइस यांनी तिचं वर्णन केलं ते निव्वळ फोटोंवरून! संग्रहात ठेवलेला नमुना नाही. नाव मार्लेयिमिया झायलोकोपी. वादळ उठलं. पुढच्याच वर्षी जवळपास 500 वर्गीकरणतज्ज्ञांनी सहीनिशी सांगितलं, की एवढ्यावर भागणार नाही.

मला त्या सह्या करणाऱ्यांचं पटतं. फोटो दार उघडतो, पण पंखाच्या बुडावरचे केस, पोटाखालचे अवयव, डीएनए या गोष्टी फोटोत येत नाहीत. चकाकत्या हिरव्या माश्याच घ्या. क्रायसोमिया आणि ल्युसिलिया यांतला एक पक्का फरक आहे पंखाच्या अगदी मुळाशी असलेल्या शिरेवरचे बारीक केस. क्रायसोमियाला आहेत, ल्युसिलियाला नाहीत. मोबाइलवर ते दिसायला नशीब लागतं. गुन्ह्याच्या तपासात मृत्यूची वेळ काढताना याच माश्या लागतात, तिथे अंदाज चालत नाही.

क्लिक करताना

तरीही चांगला फोटो खूप काही देतो. पहाटे किंवा पाऊस थांबल्या थांबल्या बाहेर पडा, गारव्यात माश्या सुस्त असतात. कॅमेरा पंखाच्या पातळीला समांतर धरा, म्हणजे टोकापासून बुडापर्यंत सगळ्या शिरा एकदम फोकसमध्ये येतील. तिरका फोटो सुंदर दिसतो, पण शिरा खातो! एक फोटो उजेड मागून येईल असा, शिरांसाठी. एक गडद पानावर किंवा काळ्या कापडावर, रंगांसाठी. एक बाजूनं, संतुलक आणि केसांसाठी. एक समोरून, डोळे आणि सोंडेसाठी. पंख मिटून बसली असेल तर थांबा, अंग साफ करताना ती पंख उघडतेच. फ्लॅशला पातळ कागद लावा, नाहीतर पंखावर पांढरा चट्टा येईल. एडिटिंगमध्ये रंग भडक करू नका, खरी छटा हीच खूण असते.

फोटो आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाका, तारीख, गाव आणि माशी कशावर बसली होती हे लिहून. आंब्यावर की कारल्यावर, शेणावर की मोरीत, यानं निम्मं काम होतं. अ‍ॅपनं सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. आधी पंख ताडून बघा. शीर वळते का, फाटा कुठे आहे, खोटी शीर दिसते का? जातीपर्यंत पोचता आलं नाही तर कुळाचं नाव लिहा, ते बरोबर असलं तरी नोंद कामाची.

भारतातल्या माश्यांच्या फोटोंत फुलांवरच्या देखण्या माश्या भरपूर, आणि शेणावरच्या, मोरीतल्या, गोठ्यातल्या फारच कमी. या पावसाळ्यात तुमच्या गावच्या गोठ्यातल्या एका माशीचा, पंख पसरलेला, स्वच्छ, तारीखवार फोटो टाकाच!